कार्तिकात न सुटलेलं व्रत

"अक्का, अम्मावरु ईग बैय्यंगिल्ल."

भांडी घासता घासता ज्योती म्हणाली, तेव्हा दीपश्री अनिशच्या तोंडात मऊ भाताचा पाचवा घास घालायच्या खटपटीत होती. अम्मा आता रागावत नाहीत, असं ज्योतीचं म्हणणं. अम्मा म्हणजे दीपश्रीच्या सासूबाई, अनसूयाबाई.

"मग बरंच की तुला," दीपश्री हसून म्हणाली.

"तसं नव्हे, अक्का." ज्योतीनं नळ बंद केला. सहा वर्षं या घरात काम करून ती कन्नडइतकंच मराठीही बोलायची, एका वाक्यात दोन्ही. "परवा कढईला साबण राहिला. काल मी मुद्दाम ठेवला, बघू म्हटलं. अम्मांनी कढई उचलली, बघितली, आणि तशीच खाली ठेवली. एक शब्द नाही. मला भीतीच वाटली."

"व्रत चाललंय त्यांचं. व्रतात कुणाला टाकून बोलू नये म्हणतात."

ज्योतीनं नळ पुन्हा सोडला. श्रावणातली गोष्ट ही. दीपश्रीला ती नीट आठवते, कारण त्या दिवशी अनिशनं सगळा भात संपवला होता आणि तिनं तसं वहीत लिहिलं होतं.

वहीचं सांगायला हवं. दीपश्री एम.एस्सी. झालेली, लग्नानंतर दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली, आणि अनिश झाल्यापासून घरी. पोर अडीच वर्षांचं, अंगानं किरकोळ. तो किती वाजता उठला, किती घास खाल्ले, खोकला किती वेळा, ताप किती, सगळं ती दोनशे पानी वहीत लिहायची. झोपलेल्या पोराच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना हे बघायची. डास, शेंगदाणे, खिडकीची कडी, जिन्याची पायरी, ताकातलं मीठ, तिला कशाचीही धास्ती वाटायची. घरात काळजी करण्यासारखं आणखी कुणी असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सासूबाई बोलेनाशा झाल्या याचं तिला बरंच वाटलं होतं.

अनसूयाबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. धारवाडच्या सप्तापुरातल्या अर्ध्या गल्लीला त्यांचा पट्टीचा मार माहीत, उरलेल्या अर्ध्या गल्लीला त्यांची जीभ. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याही वेळी त्या पंधराव्या दिवशी शाळेत हजर झाल्या होत्या. सुनेला बोलायची एक वेळ सोडायच्या नाहीत. "दीपा, वरणाला फोडणी दिलीस की नुसती लांबून दाखवलीस?" पोराला भरवताना बघितलं की, "अगं, भूक लागली की मागेल तो. सरकारी फाईल आहे काय, दर तीन तासांनी पुढं सरकवायला?" दीपश्री रात्री नवऱ्याजवळ कुरकुरायची. श्रीनिधी हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करायचा. दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून आलेला माणूस. तो "हूं" म्हणायचा आणि झोपायचा.

मग आषाढात चातुर्मास लागला. या घरात चार महिन्यांची चार व्रतं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली: पहिल्या महिन्यात भाजी सोडायची, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. एक महिना संपला की सोडलेलं परत घ्यायचं आणि पुढचं सोडायचं. अनसूयाबाई दर वर्षी करायच्या, पण बडबडत करायच्या. "मिऱ्याचं सार पिऊन पिऊन माझी जीभ इंग्लिश बोलायला लागेल," असलं काहीतरी. या वर्षी मात्र त्या गप्प होत्या. पहाटे चारला उठून देवघरात बसायच्या. दुपारी पानावरून चटकन उठायच्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, रिटायर झाल्यावर खऱ्या अर्थानं देवाकडं लागल्या. त्यांचे धाकटे दीर बाळाचार्य महिन्या-दोन महिन्यांनी केलगेरीहून यायचे, पौरोहित्य करायचे, तेही कौतुकानं म्हणायचे, "वहिनी, हे वैराग्य सगळ्यांना येत नाही." अनसूयाबाई नुसत्या बघत राहायच्या.

तुळशीपुढची रांगोळी तेवढी बंद झाली होती. इतर वर्षी चातुर्मासात शंख, चक्र, पद्म काढल्याशिवाय त्या चहा घ्यायच्या नाहीत. दीपश्रीनं विचारलं तर म्हणाल्या, "कंबर धरते." दीपश्रीनं कमरेला लावायचं मलम आणून दिलं. ट्यूब अजून न फोडलेली फ्रिजवर पडून होती.

कार्तिक द्वादशीला व्रतं सुटली. तुळशीचं लग्न सकाळीच लावलं, बाळाचार्य आले होते, केळीची पानं मांडली. बाळाचार्यांनी स्वतः वरणाचं पातेलं पुढं केलं.

"वहिनी, वाढून घ्या. आज सगळं सुटलं."

"वाढा," अनसूयाबाई म्हणाल्या.

वरण वाढलं, भाजी वाढली, दही वाढलं. अनिश आजीच्या मांडीवर जाऊन बसला आणि तिच्या पानातलं मिटक्या मारत खाऊ लागला. सगळे हसले. आजी-नातवाचा फोटो काढला श्रीनिधीनं.

दुपारी दीपश्रीनं वही उघडली आणि लिहिलं: "दुपार. आजीच्या पानातला वरण-भात, भाजी, दही. सगळं संपवलं." लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं. सगळं संपवलं, तर आजी काय जेवल्या?

तिनं मागची पानं चाळली. "आजीच्या ताटातली दोडक्याची भाजी, पूर्ण." ही नोंद श्रावणातली, म्हणजे भाजीचं व्रत संपल्यानंतरची. पुढच्या महिन्यात, दही परत सुरू झाल्यावर, "आजीच्या वाटीतलं दही." अश्विनात, "आजीच्या पेल्यातलं दूध." जे जे सासूबाईंनी परत घ्यायचं होतं ते ते अनिशच्या पोटात गेलं होतं. चार महिन्यांत पोराचं वजन नऊशे ग्रॅम वाढलं होतं आणि दीपश्रीनं ते आपल्या खटपटीचं यश समजून आईला फोन करून सांगितलं होतं. एक सोडलं की आधीचं परत यायचं असतं. अनसूयाबाईंचं काहीच परत आलं नव्हतं. त्या उरल्या होत्या भात, तूप आणि मिठावर, आणि रोज कसलं ना कसलं व्रत चालू असल्यानं कुणी मोजलंच नव्हतं.

तिनं आणखी मागं बघितलं. "पहाटे ४.१०. रडत उठला. आजीनं घेतलं, आजी जाग्याच." "३.५०. आजी जाग्याच." "४.००. आजी त्याच्याजवळ बसलेल्या." अशा सतरा नोंदी.

बाळाचार्य बाहेर झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. दीपश्री वही घेऊनच गेली.

"काका, महिना संपल्यावर भाजी परत नाही घेतली तर? जास्त पुण्य लागतं का?"

"छे! व्रताला संकल्प असतो, तशी समाप्ती असते. समाप्ती करायची, दान द्यायचं आणि ते अन्न प्रसाद म्हणून घ्यायचं. न घेणं म्हणजे व्रत अर्धवट. का गं?"

तिनं वही दाखवली. बाळाचार्यांनी चष्मा चढवला, दोन-तीन पानं वाचली, अडकित्ता बाजूला ठेवला.

"हे तर वहिनींनीच मला शिकवलंय," ते सावकाश म्हणाले. "लहान होतो मी त्या लग्न होऊन आल्या तेव्हा. त्यांना हे माहीत नाही असं कसं होईल?" मग वही परत देत, "मी प्रत्येक वेळी आलो, वाहवा म्हणालो आणि गेलो."

संध्याकाळी आईंना मनाच्या डॉक्टरांना दाखवू असं तिनं काढलं, तेव्हा श्रीनिधीशी बोलणं झालं ते असं.

"आईला वेड लागलंय असं म्हणायचंय काय तुला?"

"मी असं कुठं म्हणाले?"

"मग मनाचा डॉक्टर कशाला? आधीच वेड्यांच्या इस्पितळामुळं आपल्या गावाचं नाव कसं झालंय ते माहीत आहे. बाहेरगावची माणसं वेड्याला धारवाडला पाठवा म्हणतात. धारवाडात राहून आपण कुठं पाठवायचं?"

"हुबळीला," दीपश्री म्हणाली. "चिगरीच्या जलद बसनं. पाऊण तास लागतो."

त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "वय झालंय तिचं, दीपा. एकसष्ट. थकली असेल."

"तुझ्या कारखान्यात मशीनचा आवाज बदलला तर तू काय करतोस?"

"थांबवतो. उघडून बघतो."

"आईंचा आवाज बंद होऊन चार महिने झाले, श्री. मी तर सुटले म्हणून खूश होते."

तो बघू म्हणाला. पण दीपश्रीनं बघत बसायचं नाही असं ठरवलं होतं. मोबाईलवर मिळेल ते तिनं वाचून काढलं. झोप पहाटेच मोडणं, भूक जाणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, सगळा दोष स्वतःकडं घेणं, हालचाल मंदावणं. यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकलं तर त्याला आजार म्हणतात, हे तिनं वाचलं. वाचता वाचता प्रत्येक ओळीला घरात कुणी ना कुणी दिलेलं चांगलं नाव तिला ऐकू येत होतं. ब्राह्ममुहूर्त, उपवास, वैराग्य, मौन. आणखी एक गोष्ट तिनं वाचली: मरणाचा विचार येतो का असं थेट विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही. विचारावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनिश झोपल्यावर ती सासूबाईंच्या खोलीत गेली. पलंगावर साड्यांच्या घड्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक घडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. फळ्यावरचं ते गोल, सरळ अक्षर. 'ज्योती' हिरव्या इरकलीला. 'दीपा' जांभळ्या काठाच्या पैठणीला. शेवटी यजमानांचं जुनं किल्लीचं घड्याळ, त्याला, 'श्रीनिधी. किल्ली रोज सकाळी द्यावी.'

"हे काय, आई?"

"वाटून टाकावं म्हटलं. चातुर्मास झाला, दान करावं."

दीपश्री पलंगाच्या कडेला, साड्या सरकवून, बसली.

"आई, जगू नये असं वाटतं का तुम्हाला?"

बाहेर कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला. अनसूयाबाई त्या आवाजाकडं कान लावून बसल्यासारख्या होत्या.

"रोज पहाटे," त्या म्हणाल्या. "डोळा उघडला की पहिला विचार तोच. का उघडला. मग मी येऊन अनिशजवळ बसते. त्याचे श्वास मोजते. अडीच-तीन हजार झाले की उजाडतं."

दीपश्रीला वहीतल्या त्या सतरा नोंदी आठवल्या. तिला वाटायचं, पोराचे श्वास मोजणारी घरात आपण एकटीच.

"काही करायचं ठरवलंय का तुम्ही?"

"ठरवायला ताकद लागते गं." आवाज अगदी सपाट. "पेपर वाचते तर ओळ संपेपर्यंत आधीची विसरते. सातवीच्या पोरीनं शिकवणी मागितली, नाही म्हणाले, त्रैराशिक सुचेना. बत्तीस वर्षं शिकवलं. मला काय कमी आहे? मुलगा चांगला, तू चांगली, नातू. एवढं असून मी अशी. तुमच्यावर भार नुसता. देवापुढं बसते तर तिथंही काही नाही. नुसती बसते."

"तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? दुखतंय कुठं ते दाखवता येत नाही. आणि सगळे म्हणत होते फार चांगलं चाललंय."

दीपश्रीला रडायला येत होतं. ती रडली नाही. तिनं सासूबाईंचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं श्रीनिधीला फोन लावला. "आत्ता ये," एवढंच म्हणाली. तो येईपर्यंत ती खोलीतून हलली नाही. ज्योती आली, तिला तिनं दारातच सांगितलं की आज भांडी राहू दे, अनिश उठला की बघ. ज्योतीनं आत डोकावून साड्या बघितल्या, स्वतःच्या नावाची चिठ्ठी वाचली आणि पदर तोंडाला लावला.

श्रीनिधी तासाभरात पोचला. कपड्यांना तेलाचा वास तसाच. त्यानं घड्याळ उचललं, चिठ्ठी वाचली, आणि आईच्या पायाशी खाली फरशीवर बसला.

"आई, ह्याला किल्ली तूच दे ना," तो म्हणाला. "मला नाही जमत रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हुबळीला गेले. अनिशला ज्योतीनं सांभाळलं. वही डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घेतली होती. डॉक्टर स्मृती दीपश्रीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी कन्नडमध्ये, मग मराठीत, अनसूयाबाईंशी एकांतात अर्धा तास बोलणं केलं, मग या दोघांना आत बोलावलं. कधीपासून, असं विचारल्यावर दीपश्रीनं वही पुढं केली. डॉक्टरांनी पानं उलटली.

"ही मुलाची वही आहे ना?"

"हो. पण आईंचं सगळं यातच आहे. मला दिसलं नव्हतं."

"नैराश्याचा आजार आहे हा. डिप्रेशन. मधुमेहासारखाच आजार. मनाचा कमकुवतपणा नव्हे, भक्ती कमी पडली असंही नव्हे." हे त्या अनसूयाबाईंकडं बघून बोलल्या. "कारण सापडलंच पाहिजे असं नसतं. थायरॉईड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घेऊ, कारण त्यानंही असं होतं. गोळी आजपासून. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. तोवर त्यांना एकटं ठेवायचं नाही, आणि घरातली सगळी औषधं तुमच्या कुलपात." मग एका कागदावर १४४१६ लिहून दिलं. "हा मानसिक मदतीचा सरकारी फोन, चोवीस तास. कन्नड बोलतात. पहाटे चारला मी उचलेनच असं नाही."

"गोळ्या," अनसूयाबाई पुटपुटल्या. "एकादशीला कशा चालतील?"

त्याचं उत्तर घरी फोनवर बाळाचार्यांनी दिलं. "वहिनी, औषधाला कुठलंही व्रत आड येत नाही. शास्त्र मी सांगतो, गोळी डॉक्टर सांगतील, आणि गणित तुम्ही. ज्याचं त्यानं बघावं." नंतर ते दर शनिवारी यायला लागले. वाहवा न म्हणता जेवायला शेजारी बसायचे आणि पान रिकामं होईपर्यंत उठायचे नाहीत.

पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. उलट तोंड कोरडं पडायचं, पोटात मळमळायचं, आणि अनसूयाबाई म्हणायच्या, बघा, उगाच. दीपश्रीनं वहीच्या मागल्या बाजूनं नवं पान सुरू केलं. "आई. रात्री १० ते ३.४५." "दुपारी अर्धी पोळी." तिसऱ्या आठवड्यात, "४.५० पर्यंत झोप." मग एक दिवस, "५.३०." पाळ्या दोघांनी वाटून घेतल्या होत्या, रात्री श्रीनिधी आईच्या खोलीत सतरंजी टाकून झोपायचा आणि सकाळी तीच त्याला उठवायची, घड्याळाला किल्ली देऊन.

आणि ज्योती? ज्योती साड्यांच्या त्या दिवसापासून रोज एका भांड्याला साबण ठेवत होती. दीपश्रीला हे ठाऊकच नव्हतं. रोज ठेवायची, रोज अम्मा बघायच्या, आणि रोज गप्प ताटाळ्यात लावायच्या. ज्योती गुपचूप परत काढून धुवायची.

संक्रांतीच्या आधी चार दिवस, सकाळी, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ज्योती! ही कढई घासलीस की नुसता नमस्कार करून ठेवलीस?"

दीपश्रीच्या हातातला घास तसाच राहिला. आतून ज्योती धावत आली, दोन्ही हात साबणाचे, डोळ्यांत पाणी.

"बैदरु, अक्का! अम्मा रागावल्या! अम्मावरु बैदरु!"

"ओरडायला काय झालं?" मागून अनसूयाबाई. "सहा वर्षं बोलते आहे, आजच ऐकू आलं?" आणि दीपश्रीकडं वळून, "तू काय बघतेस? घास दे त्याला. पोर तोंड उघडून बसलंय."

त्या दिवसानंतर सगळं सरळ झालं असं नाही. फेब्रुवारीत चार दिवस पुन्हा वाईट गेले. गोळी अजून चालू आहे, वर्षभर तरी राहील असं डॉक्टर म्हणतात. रांगोळी अजून रोज होत नाही. झाली तर एक पद्म, तेही वाकडं. साड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, तरी टाचणीची भोकं त्या इरकलीला राहिली आहेत. ज्योतीनं तीच साडी संक्रांतीला मागून घेतली आणि नेसून आली.

दीपश्री वही अजून लिहिते. एका बाजूनं अनिश, दुसऱ्या बाजूनं आई. आणि जी कुणी भेटेल तिला, भाजीच्या गाडीपाशी, बसस्टॉपवर, हळदीकुंकवाला, ती एकच गोष्ट सांगते. तिला तुम्हालाही तेच सांगायचं आहे. तुमच्या घरात, नाहीतर समोरच्या दारात, कुणीतरी अलीकडं फार शांत झालं असेल, फार समजूतदार. पूर्वी बोलायचं, टोचायचं, भांडायचं, आता काही मागत नसेल. तुम्हाला त्याचं बरं वाटत असेल. तिलाही वाटलं होतं. तर आज एकदा त्यांच्याकडं जा. जेवलात का विचारा, आणि हो म्हणाले तरी ताटाकडं बघून या.